विदरकोटच्या उघड्या भिंती

या, आत या. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे. मी मूळची साताऱ्याची. जन्मभर इथल्या इस्पितळात नर्स होते, आता रविवारी विदरकोटची ही हवेली दाखवते. इथले लोक तिला मॅनर म्हणतात, म्हणजे जमीनदाराचं घर. इंग्लंडातल्या अशा जुन्या घरांत मोठ्या दिवाणखान्याच्या भिंतींना थंडीसाठी ओकच्या फळ्या असतात. इथे बघा, नुसता दगड. फळ्यांच्या खुंट्यांची भोकं तेवढी राहिली आहेत, आणि कुऱ्हाडीचे घाव. हे घाव कुणा शत्रूने घातलेले नाहीत.

चारशे वर्षांपूर्वी म्हणे जुन्या, म्हणजे कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांना या देशात बंदी होती. सापडला की फाशी. घराची मालकीण मार्जरी त्याच पंथाची, विधवा आणि करारी. तिने फादर अँब्रोज नावाच्या पाद्र्याला आसरा दिला आणि हम्फ्री सुताराला बोलावून सांगितलं, "यांना लपवायला जागा कर. कुठे ते मात्र मला सांगू नकोस. उद्या बायबलवर हात ठेवायला लावला, तर खोटी शपथ माझ्याने घेववणार नाही."

हम्फ्रीने घर रिकामं करून घेतलं. भिंतींच्या फळ्या दुरुस्त करतोय, असा बहाणा केला आणि जागा तयार केली. पाद्र्याला त्याने बजावलं, "फादर, बाहेरून खुंटी मी मारीन. मी येऊन काढेपर्यंत कुणाच्याही हाकेला ओ देऊ नका. बाईसाहेबांच्या गळ्याला सुरी लावून ते त्यांनाही हाक मारायला लावतील."

एके दिवशी शिपाई आले. हम्फ्रीने घाईघाईने पाद्र्याला आत घातलं, खुंटी मारली. बाईने बायबलवर हात ठेवून सांगितलं, मला ठाऊक नाही. खरंच सांगितलं. शिपायांनी घर धुंडाळलं, काही मिळेना, तेव्हा संशयावरून हम्फ्रीलाच बांधून नेलं. घोडे वळणाआड गेले आणि मग बाईच्या ध्यानात आलं. जागा माहीत असलेला एकुलता एक माणूस ते घेऊन गेले होते.

ती भिंतीभिंतीवर ठोकत फिरली. "फादर, मी मार्जरी! ते गेले! बोला!" आतून शब्द नाही. पाद्री दिल्या शब्दाला जागला. शेवटी तिने कुऱ्हाडी मागवल्या आणि नोकरांबरोबर स्वतः फळ्या फोडू लागली. गावातल्या म्हाताऱ्या सांगतात, शेवटी शेवटी त्याने आतून ठोकलं असणार. पण त्या दणदणाटात ते कुणाला ऐकू जाणार?

तिकडे तुरुंगात हम्फ्रीचे हात मोडले, तरी त्याने तोंड उघडलं नाही. कंटाळून त्याला सोडलं. तो धडपडत परत आला, तो हसतच आला असं सांगतात. "बाईसाहेब, एक अक्षर बोललो नाही. फादरना वाचवलं मी!" आणि मोडक्या हाताने त्याने हा जिना दाखवला. ही चौथी पायरी. खुंटी काढली की पेटीच्या झाकणासारखी उघडते. उघडली तेव्हा आत फादरांचं प्रेत होतं. बाई ते सगळे दिवस याच जिन्यावरून वरखाली धावत होती.

मला तिचा फार राग येतो. आपली शपथ स्वच्छ राहावी म्हणून हिने माहीतच करून घेतलं नाही! मग भिंतीवरचे घाव बघते आणि राग टिकत नाही. तिने नेम केला म्हणे, की या भिंतींवर पुन्हा लाकूड चढणार नाही, आणि विदरकोटात कुणी ठोकलं तर ओ दिल्यावाचून राहायचं नाही.

आजही भिंती तशाच आहेत. आजही या गावात दार वाजलं की माणूस आधी "आहे, आहे!" ओरडतो, मग उठतो. इस्पितळात माझे विदरकोटचे पेशंट धाप लागलेली असताना, दारावर टकटक झाली की "आहे" म्हणायचे. एक आजोबा तर तेवढंच म्हणून गेले.

वर जाण्याआधी इथे प्रत्येक जण ही पायरी बोटांनी वाजवतो आणि जरा थांबतो. तुम्हीही वाजवा. मी दर रविवारी वाजवते. आतून कुणी बोलणार नाही हे माहीत असतं, तरी थोडं ऐकल्याशिवाय पाय पुढे टाकवत नाही.