तानुबाईची सोबत

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी तानुबाई नावाची म्हातारी एकटीच राहायची. सोबतीला तिने एका धनगराकडून उंच, देखणा कुत्रा आणला आणि तो पळून जाऊ नये म्हणून दारात बांधून ठेवला. थोड्याच दिवसांत त्याने खाणं सोडलं.

"माझ्या घरी तुला काय कमी आहे रे?" तानुबाईने कळवळून विचारलं.

"काहीच नाही, आजी. पण धावलो नाही तर मी जगणार नाही."

तिने दोरी सोडली. तो माळावरून दिसेनासा झाला आणि तिला रडू कोसळलं.

कुंपणाशी एक बुटका, सुस्त कुत्रा पडून होता. कोणीच त्याला पाळलं नव्हतं.

"तुला नाही जायचं?" तिने विचारलं.

"थोडं चाललो तरी मला दम लागतो, आजी."

"मलाही रे," तानुबाई म्हणाली.

मग रोज संध्याकाळी दोघं देवळापर्यंत जाऊ लागली, वाटेत बसत बसत.