पितरांच्या राईत भिरूड

एकदा एका डोंगराळ गावाने ठरवले, की आपल्या गेलेल्या माणसांना उन्हात ठेवायचे नाही. गावाच्या वर एक उघडाबोडका उतार होता. घरातले कुणी गेले, की तेराव्या दिवशी त्या उतारावर त्याच्या नावाने एक रोप लावायचे, वर्षभर त्याला पाणी घालायचे आणि पुढे दर अमावास्येला त्याचा बुंधा झाडून शेणाने सारवायचा, अशी चाल पडली. तीन पिढ्यांत त्या उताराची राई झाली. बहुतेक आंबे, मधूनमधून फणस आणि उंबर. पण त्या झाडांना आंबा, फणस कुणी म्हणत नसे. माहेरी आलेली लेक आधी वर जाऊन आजोबांच्या बुंध्याला हात लावी आणि मगच घरचे पाणी पिई.

चाल मोठी चांगली होती. तिच्यात खोट एवढीच, की ती फार प्रेमाने पाळली गेली. नवऱ्याशेजारी बायको हवी, बापाच्या पायाशी लेक हवा, म्हणून रोपे हात-दोन हातांवर लागली. जिवंतपणी एका छपराखाली ज्यांचे पटले नाही, त्यांनासुद्धा मेल्यावर खेटून उभे केले गेले. फांदीत फांदी अडकली आणि खाली ऊन पोहोचेनासे झाले. तरी राई दाट दिसत होती, आणि दाट दिसण्यातच गावाला समाधान होते.

या राईची देखरेख एक वृद्ध गृहस्थ करीत. पानाचा रंग पाहून मुळाचे दुखणे सांगणारा माणूस. सगळे गाव त्यांना बाबा म्हणे. त्यांच्याकडे यमुना नावाची एक पस्तिशीची बाई शिकायला येत असे. तिची दोन मुले पाळण्यातच गेली होती. तिसऱ्याचे नाव तिने दगडू ठेवले, मृत्यूने दगड समजून त्याला ओलांडून जावे म्हणून. मृत्यू फसला नाही. सात वर्षांचा दगडू तापाने गेला आणि राईच्या कडेला त्याच्या नावाचा आंबा लागला. यमुना रोज त्या रोपापाशी येऊन बसू लागली. एक दिवस बाबा तिला म्हणाले, "नुसतं बसून काय व्हायचं पोरी? बसायचंच हाय तर शीक काहीतरी." त्याला आता नऊ वर्षे झाली होती आणि आंबा तिच्या दुप्पट उंच झाला होता.

त्या वर्षी फाल्गुनात राईतले चार आंबे उभ्याउभ्या वाळले. बाबांनी साल सोलून पाहिली. भिरूड लागला होता. हा किडा खोडात शिरून आतून लाकूड पोखरत जातो. वर पाने हिरवी असतात, मोहोरही येतो. बाहेर खूण एकच, बुंध्याशी पडलेला चिमूटभर भुसा. पण या राईत तो दिसणार कुठून? सारे बुंधे झाडलेले, सारवलेले. रोगाची एकुलती एक खूण गावाने वर्षानुवर्षे भक्तिभावाने केरात टाकली होती.

बाबांनी महिनाभर सगळा उतार पायाखाली घातला. लागलेल्या प्रत्येक झाडाला गेरूचा पट्टा ओढला. कडेची रांग तेवढी त्यांनी यमुनेवर सोपवली. पट्टे भरले एकाहत्तर. चैत्री पौर्णिमेला देवळासमोर गाव जमले, तेव्हा बाबांनी थोडक्यात सांगितले, "ही झाडं मृगाच्या आत तोडायची आणि तिथंच जाळायची. पाऊस पडला की किड्याला पंख फुटतात. मग तुम्ही कुणाला विचारायला जाऊ नका, राई राहील का म्हणून."

मग सगळे एकदमच बोलू लागले. सरपंचांनी एक समिती नेमावी असे सुचवले, कारण समिती नेमली की निदान पावसाळा तरी निघून जातो. निवृत्त गुरुजींनी तज्ज्ञ बोलवावा म्हटले. एका म्हाताऱ्याने थरथरत्या आवाजात विचारले, "एकदा जाळलं की आमच्या आईला. आता पुन्यांदा जाळायचं?"

सर्वांत मोठा आवाज कोंडाबाईचा. तिच्या घरच्या तीन झाडांवर गेरू होता. ती उभी राहून म्हणाली, "बाबा, खरं सांगा. तालुक्याच्या वखारवाल्याची गाडी दोनदा येऊन गेली. आमच्या माणसांची लाकडं करून कुणाला इकायची हायेत?"

"एक काटकी इकायची न्हाई," बाबा म्हणाले. "वखारवाला आला तसा परत गेला. किडकं लाकूड घेऊन तो काय करील?"

पण संशय एकदा सुटला की तो उत्तरासाठी थांबत नाही. बाबांच्या अंगणात येणारी माणसे येईनाशी झाली.

या सगळ्या गोंधळात यमुना गप्प होती. तिच्या गप्प राहण्याचे कारण गावाला ठाऊक नव्हते. तुम्हाला मी सांगतो. कडेची रांग पाहताना दगडूच्या बुंध्याशी तिला भुसा दिसला होता. अगदी थोडा, पिवळसर. नऊ वर्षे शिकलेल्या बाईला तो काय आहे, हे सांगावे लागत नाही. तिने आजूबाजूला पाहिले आणि पदराच्या टोकाने तो पुसून टाकला. बाबांनी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "कडेची रांग निर्मळ हाय, बाबा." बाबांनी मान हलवली आणि त्या रांगेकडे ते पुन्हा फिरकलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भुसा. तिसऱ्या दिवशी जास्त. ती गाव उठायच्या आधी वर जाऊ लागली. आभाळात पांढरा ढग दिसला तरी मृगाला किती दिवस उरले ते ती बोटांवर मोजी आणि पुन्हा पहिल्यापासून मोजी. सांगावे तर पोर दुसऱ्यांदा जाते. न सांगावे तर शेजारचे झाड जाते, मग त्याच्या शेजारचे. शेजारचे झाड कोंडाबाईच्या सासऱ्यांचे होते, चांगले वाढलेले, धडधाकट. यमुना त्याच्याकडे पाहण्याचे टाळू लागली.

वैशाखाच्या एका सकाळी बाबा राईत गेले आणि जागीच उभे राहिले. एकाहत्तर झाडांवरचा गेरू घासून धुतलेला होता. त्याऐवजी भलत्याच झाडांवर नवे पट्टे होते. जी कुटुंबे गाव सोडून शहरात गेली, त्यांच्या माणसांच्या झाडांवर. ज्या म्हातारीच्या मागे कुणी उरले नव्हते, तिच्या फणसावर. झाडे चांगली होती. त्यांचा दोष एवढाच, की त्यांच्या बाजूने बोलायला देवळासमोर कुणी नव्हते. कुणी केले हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी निम्म्या गावाच्या नखांत गेरू होता.

यमुना संतापली. "बाबा, बोलवा सगळ्यांना. तोंडावर इचारा!" म्हणाली खरी, पण आपला आवाज तिलाच परका वाटला.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. मग म्हणाले, "बोलव. आणि घरातली मोठी करवत घेऊन ये."

गाव जमले, थोडे धास्तीने, थोडे तमाशा पाहायला. बाबा राईच्या मधोमध गेले आणि एका आंब्यापुढे उभे राहिले. सगळ्या राईत याच्याइतके हिरवे झाड नव्हते. फळांनी फांद्या वाकल्या होत्या. त्यावर ना जुना गेरू होता, ना नवा. ते त्यांच्या पत्नीचे झाड होते. बाबांनी करवत बुंध्याला लावली.

"म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं," मागून कुणी तरी म्हणाले.

कोंडाबाईसुद्धा पुढे धावली. "आवो बाबा, काकींचं झाड हाय ते! चांगलं फळतंय की! नका असं करू!"

बाबांनी ऐकले नाही. दोन माणसांची करवत ते एकटे ओढत होते. पाते अडकत होते, श्वास चढत होता. पुढे कुणी होईना. शेवटी यमुनेला ते बघवेना. तिने दुसरी मूठ धरली. दोघांनी दुपारभर करवत ओढली. उन्हे कलताना झाड कलले आणि कच्च्या कैऱ्यांचा सडा पाडून आडवे झाले.

खोड उकलले होते. सगळे वाकून पाहू लागले. आतले लाकूड चाळणीसारखे झाले होते. आणि सालीवर, बुंध्यापासून छातीच्या उंचीपर्यंत, मातीने लिंपून बुजवलेली भोके होती. काही लिंपणे नवी, काही जुनी होऊन सालीच्याच रंगाची झालेली. यमुनेने एकावर बोट ठेवले. ते हाताने लिंपलेले होते आणि त्यात अंगठ्याचा ठसा होता.

"बाबा, हे झाड तर तुम्ही रोज बघत होता," ती हळूच म्हणाली.

बाबा खोडावर बसले. त्यांचा आवाज फारसा मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"अकरा वर्सांमागं या राईत पहिला भुसा इथं पडला. तवा एकच झाड होतं. तोडलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. मला ठाऊक होतं. पण तिला पुन्यांदा पोचवायचं धाडस मला झालं न्हाई. म्हणून भोकांत रॉकेलचे बोळे घातले, माती लिंपली, भुसा झाडला. वाटलं, बरं होईल. झाड हिरवं राहिलं, आणि किडा इथून तुमच्या झाडांत गेला. या चैत्रात पट्टे ओढले, तवा बी माझा हात या झाडापाशी आला आणि पुढं गेला. तुम्ही गेरू पुसलात, त्याबद्दल कुठल्या तोंडानं बोलू? मी तर कधी लावलाच न्हाई. पोरांनो, आपल्या माणसावरची माया खोटी नसते. पण ती दुखणं झाकायला लागली, की समजावं तिचं बोट धरून दुसरं काहीतरी चाललंय."

देवळासमोर ज्या म्हाताऱ्याने आईबद्दल विचारले होते, तो उठला. त्याने खिशातून गेरूचा खडा काढला, तोही सगळ्यांच्या देखत, आणि आईच्या झाडाकडे चालू लागला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. मग कोंडाबाई. त्या संध्याकाळी एकानेही दुसऱ्याचे झाड दाखवले नाही.

यमुना मात्र जागची हलली नव्हती. तिला अजून वाटत होते, की आपले कुणाला कळलेले नाही. कळणारही नव्हते. एकाहत्तर पट्टे पुन्हा भरले की गावाचे मन हलके होईल, कडेच्या त्या लहान झाडाकडे कोण बघतो? हा विचार तिने पुरता करून पाहिला. मग ती बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, कडेची रांग निर्मळ न्हाई. मी खोटं बोलले. माझ्या दगडूला भिरूड लागलाय. महिनाभर मी भुसा पुसत होते."

बाबांनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हते, ओळख होती. "पट्टा मी ओढू, का तू?" त्यांनी विचारले.

"तुम्ही ओढा. मी बाजूला उभी राहते."

दुसऱ्या दिवसापासून राईत करवती चालू झाल्या. आठ दिवस उतारावर धूर होता. मृगाच्या चार दिवस आधी शेवटचे झाड जळाले, ते दगडूचे. लहानच होते, फार वेळ लागला नाही. राख थंड झाली तरी यमुना तिथेच बसून होती. बाबा शेजारी उभे होते.

"बाबा, माझं पोर कुठं हाय म्हणून कुणी इचारलं, तर आता मी काय दाखवू?"

बाबा तिच्याशेजारी खाली बसले, एवढेच.

वाटेने कोंडाबाई खाली चालली होती. ती थांबली. तिची तीन झाडे गेली होती, डोळे सुजलेले होते. तिने आपल्या सासऱ्यांच्या आंब्याकडे पाहिले, मग त्याच्या सावलीच्या कडेला असलेल्या त्या राखेकडे. ती येऊन यमुनेजवळ टेकली.

"तू बोलली नसतीस, तर आमच्या मामंजींचं झाड आज न्हाई तर उद्या गेलंच असतं," ती म्हणाली. "मामंजींना पोरं लई आवडायची गं. ओसरीवर दहा पोरं गोळा करून बसायचे. कुणी इचारलं तर सांग, त्यांच्यापाशी हाय. आणि तू येत जा इथं बसायला. मी काय म्हणणार न्हाई."

यमुना तेव्हा मोठ्याने रडली. कोंडाबाईने तिचे डोके आपल्या खांद्यावर घेतले आणि बाबा उठून हळूहळू उतरून गेले.

आपले झाकलेले दुखणे ज्याने उघडे केले, त्याला कोंडाबाई भेटेलच, असे मी खात्रीने सांगत नाही. मात्र ज्याने झाकूनच ठेवले, त्याला ती कधीच भेटत नाही.