ठिगळांची पाठ

फार मागं, कापडं एकमेकांशी भांडायची तेव्हाची गोष्ट. ताराक्का पणतूसाठी गोधडी शिवायला बसली. वरच्या बाजूला तिनं जरीचे तुकडे जोडले आणि पाठीला स्वतःचं जुनं, ठिगळं लावलेलं लुगडं घेतलं.

जरीचा तुकडा फणकारला, "ही ठिगळं आमच्या पाठीला? निदान तेवढी कापून टाकायला ताराक्काला सांग."

"नाही सांगणार," लुगडं म्हणालं. "रानात तण भांगलताना गुडघ्यावर फाटलंय मी, चोरी नाही केली. लागेन तर ठिगळांसकट. नाहीतर राहा बिनपाठीचे."

ताराक्कानं ठिगळांवरूनच टाके घातले.

गोधडी झाली. "जरतार टोचेल लेकराला," म्हणत ताराक्कानं जरीची बाजू जमिनीकडे केली. बाळानं गुडघ्यावरच्या ठिगळावर गाल टेकला आणि डोळे मिटले.