वाटजाईची पाठ

करंबळी घाटाचा चढ संपून थोडी सपाटी लागते, तिथे उजव्या हाताला डोंगराच्या कुशीत वाटजाईचे ठाणे आहे. या टपरीतून दिसते, ते बघा. मघाशी तुम्ही त्याच्यासमोरूनच आलात. देवीचे तोंड कातळाकडे आणि पाठ रस्त्याला, हे तुमच्या लक्षात आले असेल. नसेल आले तर नवल नाही, गाडी जोरात होती. वर घंटा टांगलेली आहे, पण तिला लोलक नाही. हलवली तरी वाजत नाही. बाहेरगावचे लोक विचारतात, देवी रुसली आहे का? रुसण्यावर भागले असते तर बरे झाले असते. बसा, चहा होईपर्यंत सांगतो. मी या घाटातच म्हातारा झालो, पण हे माझ्याही आधीचे आहे.

पूर्वी देवीचे तोंड रस्त्याकडे होते, असे सांगतात. घाटात तेव्हा मालाच्या लॉऱ्या नुकत्या फिरू लागल्या होत्या आणि दरीच्या बाजूला कठडा नव्हता. देवीसमोर आला की प्रत्येक ड्रायव्हर एक लांब हॉर्न द्यायचा, स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावायचा आणि मान वळवून तिचे मुख पाहायचा. थांबायचे कुणी नाही, चालत्या गाडीतूनच दर्शन. हॉर्न ऐकला की गुरव आतून घंटा वाजवून जबाब द्यायचा. म्हणजे देवीने नमस्कार घेतला, ड्रायव्हर निर्धास्त. या रिवाजाचे सगळ्यांना मोठे कौतुक होते. त्यात काही चुकते आहे, असे कुणाच्या मनातही आले नाही.

त्या गुरवाचे नाव धोंडबा. त्याला एकच मुलगा, केरबा. हा केरबा खालच्या बाजारातल्या भट्टीतून पाव घ्यायचा आणि सायकलवरून वरच्या वाड्यांना पोचवायचा. मागे पत्र्याची पेटी बांधलेली असे. चढभर सायकल ढकलत आणायची आणि ठाण्यासमोरच्या सपाटीवर पुन्हा तिच्यावर बसायचे, हा त्याचा नेम. तातोबा नावाचा एक लॉरीवाला त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. पावसाळ्यात कितीदा तरी त्याने केरबाला सायकलसकट लॉरीत घेऊन माथ्यावर सोडले होते. तातोबा वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसाला शिव्या घालून लोक मोकळे होतात आणि गोष्ट तिथेच संपते.

त्या दिवशी ना धुके होते ना पाऊस. स्वच्छ ऊन होते. केरबा नुकताच सायकलवर बसून दरीच्या कडेने चालला होता. मागून तातोबाची लॉरी आली आणि हॉर्न वाजला. केरबाने तो ऐकला असणारच. पण त्या जागेवरचा हॉर्न नेहमी देवीसाठी असायचा. आता तो आपल्या मागे इतका जवळ आहे, हे त्याला कळावे कसे? तातोबाची मान देवीकडे वळलेली, हात कपाळावर. लॉरी डावीकडे सरकत गेली. आत धोंडबाने हॉर्नला जबाब म्हणून घंटा वाजवली, आणि ती वाजत असतानाच बाहेर पत्र्याची पेटी आपटल्याचा आवाज त्याला आला म्हणे.

पाव रस्ताभर पडले होते. केरबाला दरीतून वर आणले तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

तातोबा पळाला नाही. ठाण्यासमोर मातीत बसून राहिला. लोक त्याच्यावर धावून गेले, तेव्हा त्यांना धोंडबानेच अडवले. तो म्हणाला, "त्यानं हॉर्न दिला आन् मी घंटा वाजवली. दोघांनी मिळून केलंय हे. मारायचं तर आधी मला मारा."

सुतक फिटल्यावर धोंडबा ठाण्यात गेला. घंटेचा लोलक काढून त्याने दरीत फेकला. मग देवीचा पाषाण एकट्याने फिरवला. काही जण म्हणतात, तो पाषाण एका माणसाला हलणारा नाही, देवीच आपणहून वळली. खरे काय ते मला ठाऊक नाही. पण मुलगा गेलेल्या बापाच्या अंगात किती बळ येते, ते कुणाला सांगता येणार?

ड्रायव्हर मंडळी घाबरली. दर्शनाशिवाय घाटात गाडी घालायची कशी? सगळे मिळून धोंडबाकडे गेले आणि देवी पुन्हा रस्त्याकडे फिरव म्हणून विनवू लागले. तातोबा सगळ्यांच्या मागे उभा होता. धोंडबा त्याच्याशीच बोलला.

"हिचं तोंड बघायच्या नादात तुला माझं पोरगं दिसलं न्हाई. आता हिची पाठ बघ. म्होरं सायकलवर चाललेल्या माणसाची पाठ अशीच दिसती. ती जप. तो सुखरूप गेला की समज, दर्शन झालं."

देवी कधीच वळायची नाही का, असे कुणीतरी विचारले. धोंडबा म्हणाला, "या घाटात सायकलवाल्याला कडेला हुसकायचं थांबंल, तवा ती आपणहून वळंल."

त्यानंतर तातोबाने पुढे सायकल दिसली की हॉर्नला कधी हात लावला नाही. बैलगाडीच्या चालीने तो मागे मागे यायचा. रुंद जागा आली की सायकलवाला बाजूला थांबून हात वर करायचा, मग तातोबा मधे भरपूर जागा सोडून पुढे जायचा. बाकीच्यांनीही ते उचलले. धोंडबा ठाण्याच्या पायरीवर बसून हे पाहायचा. तातोबाशी मात्र तो पुन्हा बोलला नाही. राग नव्हता म्हणे. बोलण्यासारखे काही उरले नव्हते, एवढेच.

आजही इथले ड्रायव्हर सपाटीवर हॉर्न देत नाहीत. घाट चढून आले की गाडीतून खाली उतरतात, केरबाच्या नावाने पायरीवर एक पाव ठेवतात आणि देवीच्या पाठीला हात जोडतात. सायकलवालेही रुंद जागेवर हात वर करून वाट देतात. पण रस्ता आता सगळ्यांचा झाला आहे, आणि सगळ्यांना हे ठाऊक नाही.

मघाशी सपाटीवर तुमच्या पुढे आमची शेवंताबाई होती. वरच्या वाड्यांना टपाल पोचवते. तुमचा हॉर्न इथवर ऐकू आला. ती बघा, आता येते आहे, सायकल हातात धरून. चाक वाकले आहे आणि कोपर फुटले आहे. चहा झाला आहे, पण पहिला कप तिला देतो.

हॉर्न ऐकला तेव्हा माझी नजर सवयीने ठाण्याकडे गेली होती. आजही देवीची पाठच दिसली.