रायाजीने लपवलेलं औषध

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात डोंगरातल्या खिंडीपाशी एक गाव होतं. खिंडीतून व्यापाऱ्यांचे तांडे यायचे, गावात मुक्काम करायचे आणि पुढे निघून जायचे. त्यांना सामान बांधायला दोर वळून देणारा रायाजी त्या गावात राहायचा.

रायाजीची बायको तापाने गेली होती. संध्याकाळी अंग जरा कोमट लागलं आणि सकाळी ती नव्हती. मागे राहिली लहानगी येसू. तेव्हापासून रायाजीच्या छातीत धाकधूक बसली ती बसलीच. येसू शिंकली की त्याच्या हातातला दोर सुटायचा. ती अंगणात खेळत असली तरी तो सारखा दाराशी येऊन बघून जायचा.

अशातच येसूची झोप उडाली. ती रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची. सकाळी डोळे लाल, पुढ्यातली भाकरी तशीच. दिवसेंदिवस पोर सुकत चालली, आणि रायाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

तो गावातल्या वैद्यबुवांकडे गेला. वैद्यबुवा जाणते होते, पण भारी तापट. त्यांनी जटामांसीचं चूर्ण दिलं आणि बजावलं, "याला गुण यायला वेळ लागतो. धीर धर. आणि माझं औषध चालू असताना दुसऱ्या कुणाचं घेतलंस, तर पुन्हा माझी पायरी चढू नकोस."

धीर रायाजीपाशी कुठून असणार? थोडे दिवस गेले, गुण दिसेना, तेव्हा त्याने येसूला वेशीपाशी राहणाऱ्या चिनी वैद्यबाईकडे नेलं.

ही म्हातारी एका तांड्याबरोबर चीन देशातून आली होती आणि गुडघे थकले म्हणून इथेच राहिली होती. तिच्या ओसरीवर सुकलेल्या मुळ्यांचा वास भरलेला असे. ती दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी बघायची, जीभ बघायची, केसासारख्या बारीक सुया टोचून आखडलेली अंगं मोकळी करायची. आणि त्याहून जास्त ती विचारायची.

"पोर खाते काय? झोपते कुठे? कशाला घाबरते? घरात कोण कोण असतं? आणखी कुणाचं औषध चालू आहे का?"

"नाही," रायाजी म्हणाला. "दुसरं काही नाही."

खरं सांगितलं तर हीसुद्धा परत पाठवील, आणि वैद्यबुवांच्या कानावर गेलं तर तेही दार बंद करतील, अशी भीती त्याला वाटली. येसूने बापाकडे पाहिलं.

वैद्यबाईने रानबोरांच्या बिया कुटून काढा करायला दिल्या. "मन शांत करणारा आहे. दिवसातून एकदा, अगदी थोडा द्यायचा."

त्या दिवसापासून रायाजी दोन्ही औषधं देऊ लागला. कुणी घरी आलं की काढ्याचं भांडं दोरांच्या वेटोळ्यांमागे जायचं. वैद्यबुवांच्या घरावरून जाताना त्याची मान खाली असायची. बाजारात वैद्यबाई दिसली की तो दुसऱ्या बोळात शिरायचा. येसूच्या दुखण्याची काळजी होतीच, आता चोरी उघडी पडायची काळजीही तिच्या जोडीला आली.

आणि एका सकाळी, येसूने रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता म्हणून, रायाजीने चूर्णही वाढवलं आणि काढाही वाढवला.

येसू झोपली. दोरांच्या ढिगाशेजारी, भर उन्हात, गाढ झोपली. रायाजीला इतका आनंद झाला, की तो कितीतरी वेळ पाय न वाजवता वावरला. मग त्याने जेवायला हाक मारली. ती हलली नाही. त्याने खांदा धरून हलवलं. मान एका बाजूला कलंडली. ओठ पांढरे पडले होते, आणि श्वास असा चालला होता, की पुढचा येतो की नाही याची वाट बघावी.

तिला उचलून तो धावत वैद्यबाईकडे गेला.

वैद्यबाईने नाडीवर बोटं ठेवली आणि तिचा चेहरा उतरला. "माझ्या काढ्याने असं होत नाही. हिला काय दिलंस?"

रायाजीच्या मनात आलं, सांगावं तर दोन्ही दारं बंद होणार. मग या पोरीला घेऊन जायचं कुठे?

"रायाजी, मला ठाऊक नसेल तर मी काय करू? चुकीचं काही दिलं, तर तुझी लेक माझ्या हातून जाईल."

येसूची छाती वर झाली, खाली गेली आणि थांबली. मग छाती पुन्हा वर झाली.

"वैद्यबुवांचं चूर्ण!" तो ओरडला. "पहिल्यापासून देतोय. आज दोन्ही वाढवून दिलं. मी खोटं बोललो, बाई!"

वैद्यबाई रागावली नाही. "पळ. त्यांना घेऊन ये. चूर्णात काय आहे ते त्यांनाच माहीत."

"ते यायचे नाहीत."

"पळ म्हणते ना!"

वैद्यबुवा पानावर बसले होते. सगळं ऐकून ते कडाडले, "मी तुला काय बजावलं होतं?" पण कडाडता कडाडताच त्यांनी हात धुतला आणि वहाणा पायांत सरकवल्या.

दोघं येसूच्या दोन बाजूंना बसले. एकाने आपल्या चूर्णातलं सांगितलं, दुसरीने आपल्या काढ्यातलं. दोन्ही औषधं झोपेचीच निघाली.

"आता काही द्यायचं नाही," वैद्यबुवा म्हणाले.

"काही नाही," वैद्यबाईने मान हलवली.

त्यांनी येसूला कुशीवर वळवलं, पांघरूण घातलं. वैद्यबाईने नाडीवरचं बोट काढलं नाही. वैद्यबुवांनी स्वतः येसूचे तळपाय चोळले. "तू हाका मार," ते रायाजीला म्हणाले, "थांबू नकोस."

रायाजी हाका मारत राहिला. ऊन ओसरीवरून उतरलं, अंगणात गेलं, अंगणातूनही निघून गेलं. त्याचा आवाज बसला. दिवेलागणीला येसूने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी तिला जरा तरतरी आली, तेव्हा वैद्यबाईने विचारलं, "बाळ, तुला झोप का येत नव्हती?"

येसूने बापाकडे पाहिलं. तो म्हणाला, "सांग, येसू. काही लपवू नकोस."

"बाबा रात्री उठून माझ्या नाकापाशी हात धरतात," ती म्हणाली. "मी झोपले की त्यांना भीती वाटते. म्हणून मी जागी राहते."

वैद्यबुवांनी मान वळवून उपरण्याने डोळे पुसले. वैद्यबाईने रायाजीचं मनगट हातात घेतलं आणि नाडी पाहिली. "याचं औषध आधी करायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि रायाजी, ही भीती तू मला सांगायला हवी होतीस."

रायाजी बायको गेल्यावर पहिल्यांदाच मोठ्याने रडला. जे कुणाला बोलला नव्हता ते सगळं बोलला. पुढे कितीतरी दिवस तो वैद्यबाईकडे सुया टोचून घ्यायला आणि मन मोकळं करायला जात होता. वैद्यबुवांनी येसूचं औषध बंद केलं, आणि इतरांचं औषध घेणाऱ्याला हाकलायची आपली सवयही सोडली. येसूचा अशक्तपणा जायला पुढचा हिवाळा उजाडला, पण ती झोपू लागली, कारण शेजारी तिचा बाप झोपू लागला होता.

तेव्हा लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: जो आपल्याला बरं करायला बसला आहे, त्याच्यापासून लपवलेली गोष्ट दुखण्यालाच बळ देते.