मोरपंखीतली पांढरी पट्टी

"जिथं रंग कमी पडलाय तिथं रंगच घालायला हवा ना, मास्तर?"

रंगाच्या मशीनमधून नुकतंच निघालेलं पॉलिस्टर बाबालाल मास्तर खिडकीच्या उजेडाला धरून बघत होते.

चारशे मीटर मोरपंखी. एका बँडपथकाच्या पोशाखाचं. कुठं गडद, कुठं फिकं.

उल्काचा हा पहिला स्वतंत्र लॉट. कॉलेजात ती पहिली आली होती. हा लॉट वाया गेला, की पुन्हा प्रयोगशाळेत कार्डांवर नमुने चिकटवायचे.

"शेठ काय म्हणाले?"

"काळ्यात टाका म्हणाले. डाग झाकले जातील."

"मग टाक."

"नाही टाकणार."

मास्तरांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

"बँडवाल्यांनी मोरपंखी मागितलंय, मोरपंखीच देणार. रंग किती वाढवू तेवढं सांगा. बाकी मला येतं."

"किती वेगानं तापवलंस?"

"मिनिटाला चार अंश. तुम्ही एकेक अंश चढवत बसता. तेवढ्यात माझे दोन लॉट निघतील."

"लेव्हलिंग घातलंस?"

रंग सगळीकडे सारखा बसावा म्हणून पाण्यात घालतात, ते रसायन.

"नाही. रंग भारीतला होता. गरज वाटली नाही."

"हं..."

मास्तर उठले. कपाटातून कोऱ्या पॉलिस्टरची हातभर पांढरी पट्टी काढली आणि मोरपंखीच्या टोकाला स्वतःच्या हातानं टाके घालून जोडली.

"भर मशीनमध्ये. साधं पाणी, थोडं ॲसिड, लेव्हलिंग. रंग नाही."

"रंग नाही? मग फिकं गडद कसं होणार?"

"एकशेतीस अंशांपर्यंत तापव. मिनिटाला एक अंश. मग तिथंच तासभर."

"अहो, पण..."

"काळं करू?"

उल्कानं दाणकन झाकण लावलं.

काचेतून कापड फिरताना दिसत होतं. ती येरझारा घालत राहिली. एकशेतीसवर जेमतेम चाळीस मिनिटं झाली, तशी तिनं बटणाकडे हात नेला.

"झालं असेल आता."

"बस खाली."

ती बसली नाही. पण हात मागे घेतला.

तास भरला. मशीन तापलं होतं तसंच सावकाश निवू दिलं. मग कापड बाहेर आलं.

एकसारखं.

शेवटी पट्टी आली. तीही मोरपंखी.

उल्का पट्टीकडे बघत राहिली. "पाण्यात तर रंग नव्हता..."

मास्तरांनी टाके उसवले आणि पट्टी तिच्या हातात दिली.

"गडद जागांनी सोडला," ती हळूच म्हणाली. मग लगेच मान वर केली. "पण रंग जरा उतरलाय, मास्तर."

"गिऱ्हाइकाच्या नमुन्याला लावून बघ."

तिनं लावलं. जुळलं. अगदी काठावर, पण जुळलं.

"मग पुढचा लॉटही मीच लावणार. शेठना मी सांगते."

"लाव की. आधी या कापडावरचा डाग दाखव."

तिनं कापड उलगडलं. हात फिरवला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. खिडकीपाशी नेलं...

"डाग राहिलाच नाही, मास्तर!"

मास्तर चष्मा पुसत होते.

"शोध. आला कुठून होता ते सापडलं, की मशीन तुझं."