वरून दोर नसलेली चढण

कोणत्या राजाचे राज्य होते हे आता कुणालाच आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट.

उभ्या कड्यांनी वेढलेले एक गाव होते. बाहेर पडायला एकच खिंड. एके वर्षी दरड कोसळली, खिंड बुजली आणि कड्यावरचा मध काढणारा गावातला एकुलता एक गडी तिच्याखाली गाडला गेला.

गावातले धान्य सरत आले. लेकरे निपचित पडू लागली. आता कडा चढून जाणे एवढीच वाट उरली होती. पण पहिल्याने चढायचे कोणी?

त्या गड्याची बायको त्याच्या मागून कडा चढत असे. पण मागून चढणे वेगळे. नवरा वर बसून दोर धरी. पाय घसरला तरी ती जागीच लोंबकळे. आता वर कोणी नव्हते.

म्हातारा सासरा तिला शिकवू लागला. "फटीत खुंटी ठोकायची. खणखणली तर भरवसा धरायचा, भद्द वाजली तर उपसून घ्यायची. तिच्या कडीतून दोर ओवायचा नि पुढं सरकायचं. ध्यानात ठेव पोरी, खुंटीच्या जितकी वर जाशील, निसटलीस तर तितकीच तिच्याखाली पडशील. मग खालून मी धरीन."

गावाबाहेरच्या बुटक्या खडकावर ती रोज सराव करी आणि रोज पडे. गुडघे फुटले, नखे गेली. घरी तिची लहानगी लेक तापाने फणफणत होती. एके दिवशी ती खडकाशीच मटकन बसली.

"मामंजी, मला नाही जमायचं."

"मलाही नाही वाटत जमेलसं," म्हातारा म्हणाला.

"मग पाठवता कशाला?"

"दुसरं कोणी उरलंय का?"

ती उठली आणि पुन्हा खडकाला भिडली.

चढाईच्या सकाळी तापाच्या गुंगीत लेकीने डोळे उघडले नाहीत. शेजारणीच्या मांडीवर तिला ठेवून आई कड्याशी आली. दोराचे एक टोक तिने कमरेला बांधले. सासऱ्याने उरलेल्या दोराचा एका धोंड्याला वेढा दिला आणि तो दोर दोन्ही मुठींत धरला.

ती चढू लागली. एक खुंटी, मग दुसरी. एकदा हात निसटला आणि ती दगडासारखी खाली आली. दोर ताठ झाला, कंबर करकचली, कपाळ कातळावर आपटले. खुंटी मात्र टिकली. रक्त पुसून ती पुन्हा चढू लागली.

अर्धा कडा मागे पडला, तेव्हा गावातून रडण्याचा आवाज आला.

'दुसऱ्या कुणाच्या घरचा असू दे,' तिच्या मनात आले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने खाली पाहिले. म्हातारा वर पाहत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होते. ते पुसायलाही त्याने दोरावरचा हात काढला नव्हता.

तिला कळले.

आता वर जायचे कशासाठी? बोटे सैल सोडावीत, एवढेच वाटले. मग तिला गावातली बाकीची घरे दिसली. कुठल्याच चुलीतून धूर निघत नव्हता. तिने पुढची खुंटी ठोकली. ती खणखणली.

ऊन कलताना ती माथ्यावर पोचली. तिथल्या झाडाला तिने दोर पक्का बांधला आणि त्याला धरून माणसे वर येऊ लागली. कुणाच्या पाठीवर आजी, कुणाच्या पाठीवर मूल. पलीकडच्या गावाने त्यांना पोटाशी धरले.

म्हातारा सर्वांत शेवटी आला.

"माती देऊन आलो," तो म्हणाला.

"रडली का ती?"

"नाही. झोपेतच गेली."

तिने ना टाहो फोडला, ना कुणाचे आभार स्वीकारले. त्या कड्याने तिला काहीच परत दिले नाही. पण त्या गावाचा वंश बुडाला नाही.

आपली आशा संपली तरी हाती घेतलेला दोर सोडू नये; त्याला दुसऱ्यांचेही प्राण बांधलेले असतात.